शुगरच्या पेशंटला शिकवायचं कुणी? आशाताई, सिस्टर, सीएचओ यांचं शिबिर (खानापूर)

मलप्रभा

नमस्कार मंडळी. बेळगावात एका खासगी दवाखान्याच्या शुगर ओपीडीत मी नर्स आहे. खानापूर तालुक्यातल्या आशाताई, सिस्टर आणि सीएचओ (उपकेंद्रातल्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) यांच्यासाठी मधुमेहावर एक दिवसाचं शिबिर घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गळ्यात पडलंय म्हणते, पण हौस माझीच.

अडचण आहे ती आराखड्याची. हातात आलेला कागद असा : दीपप्रज्वलन, डॉक्टरांचं व्याख्यान, चहा, दुसऱ्या डॉक्टरांचं व्याख्यान, जेवण, शंकासमाधान, सर्टिफिकेट, फोटो. स्लाइड बघितल्या. स्वादुपिंडाचं चित्र, १९२१ साली इन्सुलिन कुणी शोधलं, आयसीएमआरच्या २०२३ साली छापून आलेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. सगळं खरं आहे. पण हे ऐकून नंदगडची आशाताई दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी जाऊन वेगळं काय करणार?

माझ्या टेबलाशी रोज जे दिसतं ते सांगते. पेशंटला विचारलं, "इन्सुलिन घेता ना?" की तो "हो" म्हणतो. "नीट घेता ना?" तरी "हो". मग मी इन्सुलिनचं रिकामं पेन हातात देते आणि म्हणते, घेऊन दाखवा बघू. तेव्हा खरं काय ते कळतं. कुणी पेन हलवतच नाही, दुधाळ इन्सुलिन तळाशी बसलेलं तसंच टोचतो. कुणी बटण दाबल्याबरोबर सुई उपसतो आणि औषधाचा थेंब बेंबीशेजारी ओघळतो, दहा आकडे मोजायचे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. एका आजींनी वर्षानुवर्षं एकाच जागी टोचून घेतलं होतं, तिथं सुपारीएवढी गाठ. "इथं दुखत नाही म्हणून इथंच घेते," म्हणाल्या. दुखत नव्हतं हे खरंच, पण त्या गाठीतून औषध कधी अंगाला लागायचं, कधी नाही. साखर वरखाली व्हायची आणि डॉक्टर दर खेपेला डोस वाढवायचे.

म्हणून माझ्या मनात असं आहे की शिबिरात बोलणं कमी ठेवावं आणि हात जास्त चालवावेत. पेशंटला ऐकवायचं नाही, त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि ते कसं करून घ्यायचं हेच या बायकांना शिकवायचं. तुम्ही पेशंट असा, नातेवाईक असा, दवाखान्यातले असा, काय घालू आणि काय वगळू ते सांगा.


गावडॉक्टर

मी चिक्कोडी तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. ताई, मुद्दा पटला, पण व्याख्यानांना एकदम हद्दपार करू नका. आमच्या एमबीबीएसच्या दिवसांत मधुमेह म्हणजे परीक्षेतला एक लांबलचक प्रश्न होता. पुढे मी पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या अकादमीने २०१० पासून चालवलेला डॉक्टरांसाठीचा कोर्स केला. महिन्यातून एक दिवस वर्ग, असं वर्षभर. तो मला उपयोगी पडला तो त्या मधल्या महिन्यामुळे. शिकलेलं पेशंटवर वापरायचं आणि अडलेलं पुढच्या वर्गात विचारायचं. एका दिवसात सगळं कोंबलं की आठवड्यात विरून जातं. तेव्हा एका शिबिराऐवजी दोन अर्धे दिवस मिळतात का बघा, मध्ये महिनाभर जाऊ द्या.

ज्ञानाचं म्हणाल तर थोडं लागतंच. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर, किंवा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.५ किंवा त्यावर, म्हणजे मधुमेह. त्रास काही नसेल तर पुन्हा तपासून खात्री करायची. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. एवढं सगळ्यांना पाठ हवं. आणि एक गोष्ट आमच्या भागात फार नडते, रक्त कमी असलेल्या बायका. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटा वाढून दिसू शकतो. तीन महिन्यांची सरासरी म्हणून त्या एकट्या आकड्यावर डोस वाढवू नये, सोबत ग्लुकोमीटरचे आकडे बघावेत. हे सिस्टरला माहीत असलं तर ती मला म्हणेल, डॉक्टर, हिचं हिमोग्लोबिन आठ आहे, बघा जरा. असं म्हणणारी सिस्टर मला हवीय.


निपाणीचा नाना

मी केमिस्ट. आम्हाला कुणी शिबिराला बोलावत नाही, पण डॉक्टरांच्या पायरीवरून उतरलेला पेशंट पहिला प्रश्न आम्हालाच विचारतो, "ओ, ही गोळी जेवणाआधी की नंतर?"

एक गोष्ट शिबिरात घालाच : लाल टोपी आणि केशरी टोपी. लाल टोपीची सिरिंज यू-४०, केशरी टोपीची यू-१००. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक यू-४०, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १००. आमच्या गिऱ्हाइकाचं पेन बिघडलं. माणूस हुशार, कार्ट्रिजला सुई खुपसून लाल टोपीच्या सिरिंजने औषध ओढलं, २० च्या रेघेपर्यंत. त्याला वाटलं २० युनिट झाले. ती रेघ अर्ध्या मिलीची, आणि कार्ट्रिजमधला अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. टोचायच्या आधी बायकोने मला फोन केला म्हणून निभावलं. उलटंही होतं. यू-४० ची बाटली आणि केशरी सिरिंज, २० च्या रेघेवर फक्त ८ युनिट जातात, आणि मग महिनाभर "औषध लागूच पडत नाही".

आणखी एक. निपाणीचे पेशंट कधी इथे दाखवतात, कधी कोल्हापूर, कधी गडहिंग्लज. तीन चिठ्ठ्या, तीन कंपन्यांची नावं, आत गोळी एकच. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी दोन नावांनी दोनदा खाणारे मी बघितलेत. आशाताईने घरी गेल्यावर गोळ्यांची पिशवी उलटी करून बघावी, एवढंच.


शिवारातली_आशा

मी खानापूर तालुक्यातली आशा. नाव गाव नको. ताई, शिबिराला आम्ही येऊ, पण खरं सांगू का, आमच्याकडं आधीच कामं उतू जाऊलीत. गरोदर बायका, लसीकरण, सर्वे, मोबाइलवरची माहिती, आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो सीबॅक फॉर्म. वय, कंबर, तंबाखू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी, सगळे मार्क घालायचे आणि चारच्या वर गेले की आधी तपासणीला पाठवायचं. फॉर्म भरतो आम्ही. पण पाठवलेला माणूस परत आला की त्याला काय बोलायचं ते कुणी शिकवलेलं नाही. "तुम्हाला शुगर निघाली" म्हटलं की समोरचा एकतर हसतो नाहीतर रडतो. त्या वेळी तोंडातून काय काढायचं ते शिकवा.

दुसरं, कागद सगळे कन्नडमध्ये येतात. आम्हाला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकलोय. पण आमच्या जांबोटीकडच्या म्हाताऱ्यांना ना ते वाचता येत, ना पुस्तकी मराठी. चित्रं असली तर बरं.


हिंडलगेकर

पुन्हा तेच. १९५६ पासून हेच चाललंय. दवाखान्याच्या पाटीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत आपली भाषा...


संपादक मंडळ

हिंडलगेकर, सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, तिथे जरूर लिहा. इथे शुगरवर राहू या.


सीएचओ_विजापूरची

नमस्कार. मी विजापूरकडची. घरी कन्नड. नर्सिंग करून इथे उपकेंद्रात आले, मराठी इथेच शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. आशाताई म्हणतात ते माझ्या बाजूने पण खरं आहे. मला औषध येतं, तपासणी येते. मराठीत "तुम्ही गोळ्या घेता का" एवढं येतं. पुढचं बोलणं येत नाही. पेशंट मान हलवतो, मी पण मान हलवते, तो जातो. मला प्रेमाने विचारायची आठ-दहा वाक्यं कुणी देईल का? मी पाठ करेन.


मलप्रभा

सीएचओताई, ही घ्या. आमच्या टेबलावर रोज वापरते ती आहेत, खानापूरकडच्या कानाला जड जाणार नाहीत.

गोळी कधी राहते? (घेता ना, असं विचारायचं नाही. राहते का, असंही नाही. कधी राहते, असं विचारायचं. मग माणूस सांगतो, शेतावर गेलो की दुपारची राहते.)
घरात स्वयंपाक कोण करतं? त्यांना पुढच्या खेपेला घेऊन या.
इंजेक्शन कुठं टोचता? मला बोटानं दाखवा.
मधेच घाम फुटतो का, हातपाय थरथरतात का, कावरंबावरं होतं का? तेव्हा काय खाता?
चप्पल काढा, पाय बघू.
मी काय सांगितलं ते घरी गेल्यावर सूनबाईला कसं सांगाल? मला सांगून दाखवा.

शेवटचं सगळ्यात कामाचं. परीक्षा घेतल्यासारखं वाटू द्यायचं नाही. "मी नीट सांगितलं की नाही ते बघते" असं आधी म्हणायचं.

आणि शिवारातल्या ताई, शुगर निघाली म्हणून सांगताना पहिल्याच दमात पाय कापतात, डोळे जातात, हे काढू नका. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी : हा आटोक्यात राहणारा आजार आहे, गोळी बंद करायची नाही, आणि अमुक तारखेला परत यायचं. बाकीचं त्या दिवशी डोक्यात शिरत नाही. बायकांना सरकारी बसचं तिकीट कर्नाटकच्या शक्ती योजनेत २०२३ पासून लागत नाही, तेव्हा तारीख आणि बसची वेळ चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.


कडोलीचा_पैलवान

एवढं कशाला पाहिजे? जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस आणि बेडकीचा पाला. आमच्या मामांची शुगर गायब.


गावडॉक्टर

पैलवान, मामांना माझा नमस्कार सांगा आणि एकदा उपाशीपोटी तपासून आकडा इथे टाका. बेडकीचा पाला चावल्यावर थोडा वेळ गोड चव कळत नाही, हे खरं. कारल्याने सहसा कुणाचं वाईट होत नाही. वाईट होतं ते गोळी बंद केल्याने. सिस्टरनी पाला बंद करा म्हणून भांडायचं नाही, पाला खा पण गोळी सोडू नका म्हणायचं. भांडलं की पेशंट पाला लपवतो आणि दवाखाना सोडतो.


वडगावची_लेक

मी पेशंटची मुलगी. आईला शहरात एका आहारतज्ज्ञांकडे नेलं होतं. हातात छापील कागद दिला : ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, ग्रीन टी. आई सकाळी भाकरी-पिठलं, दुपारी भात-आमटी, रात्री पुन्हा भात. कागद तिने देवघरात ठेवला, अजून तिथेच आहे, हळदीकुंकवाचे डाग पडलेत त्यावर.

तिचे समज सांगते, शिबिराला उपयोग होईल. भात वाईट, भाकरी चांगली, म्हणून तीन भाकऱ्या. साखर वाईट, गूळ चांगला, म्हणून चहात गूळ. संकष्टी आणि एकादशी काहीच खाल्लं नाही म्हणते, पण साबुदाण्याची खिचडी आणि रताळी होतात, ती मोजत नाही. आणि उपासाच्या सकाळी गोळी मात्र नेमाने, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. गेल्या आषाढीला देवळात चक्कर आली. लोक म्हणाले, अंगात आलं. घामाने ओलीचिंब झाली होती, बोलणं असंबद्ध. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीने तोंडात साखर घातली आणि दहा-पंधरा मिनिटांत आई "चला, प्रसाद घेऊ" म्हणाली.


मलप्रभा

लेकीने सोनं दिलं. हा प्रसंग मी नाव न घेता शिबिरात बसवून दाखवणार, एकीने आजी व्हायचं, दुसरीने आशाताई. आईची साखर एकदम खाली गेली होती. अशा वेळी, सत्तरच्या खाली आकडा, किंवा मशीन नसेल तर नुसती लक्षणं दिसली तरी : तीन चमचे साखर पाण्यात कालवून, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, सुधारलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर खायला घालायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, गाडी बोलवायची. ग्लिमेपिराइडवरच्या माणसाला उपास असला की आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवायचं, हे प्रत्येक एकादशीच्या आठवड्यात आशाताईंनी बोलायला हवं.

जेवणाचं मी कागदावर देतच नाही. स्टीलचं ताट पुढे ठेवते. अर्धं ताट भाजी, पालेभाजी, कोशिंबीर. पाव ताटात भात किंवा भाकरी, "किंवा" वर जोर. उरलेल्या पावात डाळ, उसळ, अंडं, मासळी. गूळ आणि साखर, साखरेच्या हिशेबाने एकच. कुंदा खाऊच नका असं मी बेळगावात राहून कुठल्या तोंडाने सांगू? सणाला एक चमचा, आणि त्या दिवशी भात कमी.


शिवारातली_आशा

पायाचं बोला की. रोप लावणीच्या दिवसांत माणसं चिखलात दिवसभर अनवाणी. काटा मोडला तरी कळत नाही. एक काका सौंदत्तीला यल्लम्माला अनवाणी चालत गेले, आले ते फोड घेऊन, आणि बायकोने हळद लावून बांधलं. बघायला गेले तोवर वास येऊ लागलेला. माझ्याकडं तपासायला काही मशीन नाही.


मलप्रभा

मशीन लागत नाही. दवाखान्यात आम्ही दहा ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा दोरा वापरतो, पण घरोघरी बोट पुरतं. नीट वाचा : माणसाला झोपवा किंवा पाय लांब करून बसवा, डोळे मिटायला सांगा. आधी हाताला स्पर्श करून दाखवा, म्हणजे काय ओळखायचं ते कळतं. मग आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकावर अगदी हलकं टेकवायचं, एक-दोन सेकंद. दोन्ही पायांचं. ढोसायचं नाही, घासायचं नाही. कळलं की तो "हो" म्हणेल. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर पाय धोक्यात, दवाखान्यात पाठवा. परदेशात इप्सविच नावाच्या गावी ही पद्धत बसवली, म्हणून तेच नाव पडलं. शिबिरात सगळ्यांनी एकमेकींचे पाय तपासायचे. लाजायचं नाही.

देवाला अनवाणी जाऊ नका, असं तोंडावर सांगून कुणी ऐकत नाही. मी म्हणते, देवळाच्या पायरीपर्यंत चप्पल, पुढे जाड मोजे, आणि घरी आल्यावर कुणाला तरी तळवे बघायला लावा. स्वतःला दिसत नसतील तर आरसा जमिनीवर ठेवून.


गावडॉक्टर

ग्लुकोमीटरचंही एक. आमच्याकडे गुऱ्हाळावरच्या एका माणसाचा आकडा तीनशेच्या वर आला. सिस्टर घाबरली. त्याला साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले, बोटाच्या कडेने दुसरा थेंब घेतला, दीडशेच्या आसपास. बोटाला काकवी. कधी कधी केळं, आंबा सोलला तरी असं होतं. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्यायचं. स्ट्रिपांची डबी उघडी ठेवायची नाही, खानापूरच्या पावसात तर मुळीच नाही.

आणि खोकला. शुगरवाल्याला टीबी होण्याचा धोका दोन-तीन पटीने जास्त असतो. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायका खोकल्याला तंबाखूची धूळ समजतात. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे थुंकी तपासायला पाठवायची, आणि टीबीचा पेशंट सापडला की त्याची शुगर बघायची.


अथणीचा_आप्पा

सगळं बरोबर, पण पेशंट ऐकतच नाही त्याला काय करणार? वीस वर्षं शिकवा.


गावडॉक्टर

आप्पा, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये छापलेला अभ्यास आहे. उंबरठ्यावरच्या माणसांना आहार आणि चालण्याचा सल्ला देऊन नेमाने पाठपुरावा केला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने सुमारे २६ टक्क्यांनी. म्हणजे गोळीच्या तोडीस तोड. पण त्यात पाठपुरावा होता, फोन होते, पुन्हा भेटी होत्या. एकदा ओरडून सांगितलं आणि ऐकत नाही म्हटलं, तर तो पेशंटचा दोष कसा? माझ्या ओपीडीत मी एकाला चार मिनिटं देतो. त्यात प्रेशर बघू, चिठ्ठी लिहू, की सुई धरायला शिकवू? म्हणून तर ताईंच्या शिबिराला माझा पाठिंबा. माझं व्याख्यान वीस मिनिटांवर आणा, चालेल.


सीएचओ_विजापूरची

वाक्यं लिहून घेतली. "गोळी कधी राहते" आज दोन जणांना विचारलं. एक म्हणाले, गोळी राहत नाही, संपते, आणि पुढची महिनाभराने आणतो. दोन वर्षांत हे मला कळलं नव्हतं. मी शिबिराला येऊ शकते का? माझा तालुका वेगळा आहे.

वीज जाते तेव्हा इन्सुलिन कुठे ठेवायला सांगू?


मलप्रभा

या, नक्की या. इन्सुलिन : न उघडलेलं फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. वापरात असलेलं घरात सावलीत साधारण चार आठवडे चालतं. उन्हाळ्यात किंवा फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, आत प्लास्टिकच्या डबीत बाटली. चुलीपासून लांब. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहायची.


निपाणीचा नाना

मलप्रभाताई, लाल आणि केशरी टोपीच्या सिरिंजा आणि मुदत संपलेली दोन-तीन पेनं माझ्याकडे पडून आहेत. शिबिराच्या आदल्या दिवशी निपाणी-बेळगाव बसने पाठवतो. पाणी भरून मोसंबीवर टोचायला द्या.


वडगावची_लेक

वापरलेल्या सुयांचं काय करायचं? आई कचऱ्याच्या पिशवीत टाकते, आणि घंटागाडीवाल्याच्या हाताला एकदा टोचली.


मलप्रभा

जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची, झाकण फिरकीचं. सुई पुन्हा टोपीत घालायची धडपड न करता सरळ बाटलीत टाका. तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर "सुया" असं लिहा आणि सरकारी दवाखान्यात किंवा लॅबमध्ये त्यांच्या कचऱ्याबरोबर द्या.


शिवारातली_आशा

आमच्या इथल्या दवाखान्यात बाहेरच्या सुया घेत नाहीत म्हणाले होते मागं. उद्या सिस्टरना पुन्हा विचारते आणि इथं लिहिते.